सावरगावची बोली कोणत्या रकान्यात?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती निघतात आणि आमच्या जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. मधोमध पळसाचे झाड रोवलेले, त्यावर झेंडा. दिवसभर दोन्ही काठांवरून दगड चालतात. शेकडो माणसे जखमी होतात. काही वर्षी जीवही गेले आहेत. प्रशासनाने बंदी घालून पाहिली, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. गोटमार काही थांबली नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत सावरगावचे नाव येते आणि मग पुढचा पोळा येईपर्यंत त्या नावाची कुणाला आठवण राहत नाही.

गोटमारीची दंतकथा आपल्या वाचकांना आम्ही काय सांगावी! पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी. मुलगा तिला पळवून नेत असता नदीच्या मध्यावर दोघे अडकले आणि दोन्ही काठांवरून दगड सुरू झाले. या कथेतली एक गोष्ट मात्र कुणी कधी विचारत नाही. त्या दोघांनी आपले ठरवले ते कोणत्या भाषेत? कुणी विचारत नाही, कारण सर्वांना ते ठाऊकच असते. आजही गोटमारीच्या दिवशी दोन्ही काठांवरून ज्या हाका येतात आणि ज्या शिव्या येतात, त्या एकाच बोलीत येतात. दगड मारणारे दोन गावांचे, पण बोली एक.

गोटमारीवर पुष्कळ लिहून झाले आहे. आज आम्हाला लिहायचे आहे ते उरलेले ३६४ दिवस त्या काठावर राहणाऱ्या माणसांविषयी, आणि २०२७ च्या जनगणनेत त्यांच्या दारात येणाऱ्या एका साध्या प्रश्नाविषयी. तो प्रश्न असा : तुमची मातृभाषा कोणती?

गावात कोण कोण नांदते?

सावर म्हणजे काटेसावर. शिमग्याच्या सुमारास पाने झडून नुसत्या लाल फुलांनी भरते ती. या झाडावरून गावाला नाव पडले असे जुने लोक सांगतात. एकाच नावाची गावे आपल्या भागात थोडी नाहीत. सीमा ओलांडून नरखेड तालुक्यात गेले की तिकडेही एक सावरगाव आहेच. तेही संत्र्याचे, कापसाचे, आपल्यासारखेच. फरक एवढाच की तिथल्या पोराला पहिलीत मराठीचे पुस्तक आपोआप मिळते आणि इथल्या पोराला ते मागून घ्यावे लागते.

आमचे सावरगाव लहान असले तरी एकाच रंगाचे नाही. सावरगावात आणि भोवतालच्या खेड्यांत कुणबी आहेत, तेली आहेत, माळी आहेत. भोयर पवार आहेत. आपले पूर्वज माळव्यातून, धारकडून आले असे त्यांची परंपरा सांगते. गोंड आहेत; खरे पाहता या मुलखात सर्वांत जुने तेच. गोवारी आहेत, कोष्टी आहेत. १९५६ नंतर बौद्ध झालेली मोठी वस्ती आहे. मुसलमानांची घरे आहेत. बाजारपेठेत मारवाडी आणि सिंधी दुकानदार आहेत.

आता या घरांतील बोली पाहा. गोंडी ही द्रविड कुळातील भाषा, म्हणजे तेलुगू-तमिळची बहीण. सातपुड्यात आणखी वर, बैतूल आणि मेळघाटाकडे गेले की कोरकू लागते. ती मुंडा कुळातील, संथाळीची नातलग. पवारांची बोली माळवी वळणाची, पण शेकडो वर्षे मराठीच्या शेजारी राहून तिने मराठीचा रंग घेतलेला. मुसलमानांच्या घरी उर्दू किंवा दखनी वळणाची हिंदी. आणि कुणबी, तेली, माळी, बौद्ध यांच्या घरी नागपुरी-वऱ्हाडी वळणाची मराठी. बैलगाडीने एका दिवसात जाऊन यावे एवढ्या टापूत भाषांची तीन वेगवेगळी कुळे नांदतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे सांगितले तर खरे वाटणार नाही.

अंगण एकच

एवढ्या बोली असूनही गावाचा कारभार कधी अडत नाही, कारण सर्वांचे अंगण एक आहे. मृग बहाराचा सौदा करताना, म्हशीचे दूध घालताना, ओलितासाठी पाळी लावताना, मयतीला जमल्यावर जी भाषा तोंडात येते ती मराठी असते. पवारीण घरात सुनेशी पवारी बोलते, दारात आलेल्या शेजारणीशी मराठी बोलते आणि तहसिलीत गेली की हिंदी बोलते. तिला आपण तीन भाषा बोलतो याचा अभिमान नाही आणि त्रासही नाही. ती फक्त माणूस पाहून बोलते.

आमच्या मुसलमान शेजाऱ्यांची मराठी ऐकावी. घरात उर्दू, पण संत्र्याच्या बागेत मजुरांशी बोलताना खास आपली नागपुरी. गोंड मंडळी श्रावणात नागद्वारला आणि शिवरात्रीला पचमढीच्या महादेवाला जातात. त्याच वाटेने विदर्भातील हजारो मराठी यात्रेकरू जातात. मुक्काम एक, वाट एक, महादेवाची गाणीही एकमेकांना पाठ. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मराठीत लिहिले आणि हिंदीतही लिहिले. आमच्याकडे एकाच बैठकीत दोन्ही भजने होतात आणि कुणी भाषा मोजत बसत नाही.

बौद्ध वस्तीचे तर विशेष सांगितले पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली. त्यानंतर अवघ्या १८ दिवसांनी, १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना अमलात आली आणि आम्ही व नागपूर दोन वेगळ्या राज्यांत गेलो. एकाच महिन्यात या वस्तीला एक नाते मिळाले आणि एक तुटले. पण दसरा आणि १४ एप्रिल आला की आजही त्यांची गाणी, भाषणे, पुस्तके मराठीच असतात. या तालुक्यात मराठी कुणी जपली असे विचाराल, तर आम्ही आधी त्या वस्तीकडे बोट दाखवू.

आम्ही इकडे कसे राहिलो

तरुण वाचकांसाठी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. देवगडचे गोंड राज्य आपल्याच छिंदवाडा मुलखातले. त्या घराण्यातील बख्त बुलंदने नागपूर वसवले. म्हणजे नागपूर हे आमच्याकडून गेलेले गाव, आम्ही नागपूरकडून आलेलो नव्हे! पुढे अठराव्या शतकात भोसल्यांचे राज्य आले. १८५३ साली तिसरे रघूजी वारले आणि इंग्रजांनी ते राज्य खालसा केले. १८६१ साली मध्य प्रांत झाला, त्याची राजधानी नागपूर. त्या प्रांतात, आणि पुढे मध्य प्रांत-वऱ्हाडात, हिंदी व मराठी या दोन्ही भाषा एका छपराखाली राहत होत्या.

१९५६ साली भाषावार रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याला जोडले गेले. तेव्हा हिशेब जिल्ह्याचा झाला. छिंदवाडा जिल्हा समग्र धरला तर हिंदीचा. त्याच्या दक्षिणेकडील सौंसर-पांढुर्ण्याचा पट्टा मराठीचा. जिल्हा मोडायचा नाही असे ठरले आणि पट्टा जिल्ह्याबरोबर गेला.

याविषयी आमच्या मनात कडवटपणा नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. बेळगावचा प्रश्न वेगळा आहे. तिथे महाजन आयोग झाला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, २००४ पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. आमच्याकडे तसा तंटा नाही. सीमा हलवा असे आम्ही म्हणत नाही. या राज्याने आम्हाला रस्ते दिले, शाळा दिल्या, आमच्या मुलांना नोकऱ्या दिल्या. हिंदीशीही आमचे वैर नाही. तिच्यावर आमची पोटे भरतात. आमचे म्हणणे फार लहान आहे : सीमा जिथे आहे तिथे राहू द्या, पण आमची भाषा कागदावर आहे तशी दिसू द्या.

'ळ' कुठे गेला?

भाषा एका दिवसात जात नाही. आधी एखादे अक्षर जाते. आम्ही इतकी वर्षे वर्गात उभे राहून हे पाहत आलो आहोत. पोर घरून 'पोळा' म्हणत शाळेत येते. शाळेच्या हिंदी वर्णमालेत 'ळ' नाही. फळ्यावर 'पोला' लिहिले जाते. दोन वर्षांत ते पोर 'पोला' म्हणू लागते. काळे आडनावाचा मुलगा हजेरीपटावर 'काले' होतो, दाखल्यावर 'काले' होतो, मतदारयादीत 'काले' होतो. पुढे बहिणीचे लग्न काटोलला किंवा वरुडला झाले की तिकडच्या कचेरीत विचारतात, बाई, माहेरचे आडनाव काळे की काले? मग शपथपत्र करा, मुद्रांक घ्या, दोन फेऱ्या मारा. एका अक्षराचा खर्च गरिबाला किती पडतो, ते ज्याने भोगले त्यालाच कळते.

तसेच अंकांचे. आजी नातवाला शेंगा मोजून देते : अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. गुरुजी शिकवतात : अट्ठाईस, उनतीस, तीस. पोर 'एकोणतीस' आणि 'उनतीस' यांच्यामध्ये अडखळते. निरीक्षक म्हणतात, पोराचे गणित कच्चे आहे. पोराचे गणित पक्के असते. दोन अंकमाला एकाच वेळी डोक्यात बसवायला त्याला कुणी मदत केलेली नसते, एवढेच. पहिल्या दोन वर्षांत घरची भाषा जाणणारा शिक्षक मिळाला, तर तेच पोर तिसरीत दोन्ही भाषांत पाढे म्हणते. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. गोंड पोरांची अडचण तर दुप्पट. त्यांच्या घरच्या शब्दाला ना हिंदी पुस्तकात जागा, ना मराठी पुस्तकात.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे. मध्य प्रदेशच्या माध्यमिक मंडळाच्या विषयांतही मराठी आहे. पण विषय यादीत असणे निराळे आणि वर्गात शिक्षक असणे निराळे. शिक्षकाचे पद मंजूर व्हायला विद्यार्थ्यांची संख्या दाखवावी लागते आणि ही संख्या दाखवताना आपण नेहमी कमी पडतो. का कमी पडतो, त्याचे एक कारण आम्ही स्वतःच आहोत. ते आता सांगतो.

आमच्या हातून झालेली चूक

२०११ च्या जनगणनेत आम्ही प्रगणक होतो. फेब्रुवारीच्या ९ तारखेपासून २८ तारखेपर्यंत घरोघर हिंडलो. त्या वेळच्या दोन घरांची आठवण आजही सलते.

एक घर आमच्याच नात्यातले, कुणब्याचे. ओसरीवर कॉलेजात जाणारा मुलगा बसला होता. त्याने भराभर उत्तरे दिली. मातृभाषेचा रकाना आला तेव्हा म्हणाला, "हिंदी लिख दो, सर." आम्ही घरातल्या सहाही माणसांपुढे हिंदीचा सांकेतिक क्रमांक टाकला आणि उठलो. आत चुलीपाशी त्याची आई बसली होती. तिला हिंदीत धड भांडताही येत नाही. तिला आम्ही विचारले नाही. घाई होती. संध्याकाळपर्यंत आणखी बरीच घरे व्हायची होती.

दुसरे घर भोयर पवारांचे. तिथे म्हातारी एकटी होती. आम्ही विचारले, "माय, तुमची मातृभाषा कोणती लिहू?"

ती हसली. म्हणाली, "आमची त् बोली हाय गुरुजी, भासा थोडीच हाय! हिंदी लिवा का मराठी लिवा. तुमाले बरं वाटंल ते लिवा."

आम्ही मराठी लिहिले. आम्हाला बरे वाटले. समितीचे काम करणारा माणूस दुसरे काय लिहिणार! पलीकडच्या वस्तीत जे प्रगणक होते, त्यांनी अशाच घरांत हिंदी लिहिले. त्यांनाही बरे वाटले असेल. पवारी मात्र कुणीच लिहिली नाही.

पुढे जनगणनेच्या सूचना पुन्हा नीट वाचल्या तेव्हा मान खाली गेली. सूचना अगदी स्वच्छ होत्या. मातृभाषा म्हणजे त्या माणसाशी लहानपणी त्याची आई बोलत असे ती भाषा. आई लहानपणीच वारली असेल तर घरात प्रामुख्याने बोलली जाणारी भाषा. घरातल्या सर्वांची मातृभाषा एकच असेल असे धरू नये. प्रत्येकाची स्वतंत्र विचारावी. सांगेल ते नाव जसेच्या तसे लिहावे. ती बोली आहे की भाषा, हे प्रगणकाने ठरवू नये. जात, धर्म किंवा राज्य पाहून मातृभाषेचा अंदाज बांधू नये. मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषा नोंदवण्याचीही सोय होती. म्हणजे त्या कुणब्याच्या मुलाची मातृभाषा मराठी आणि येणारी भाषा हिंदी अशी दोन्हींची नोंद झाली असती. कुणाचेच काही गेले नसते.

त्या म्हातारीचे 'भासा थोडीच हाय' हे म्हणणेही खरे नव्हते. २०११ च्या जनगणनेत देशभरातून मातृभाषांची १९,५६९ नावे आली. त्यांची छाननी होऊन १,३६९ मातृभाषा ठरल्या आणि त्या १२१ भाषांखाली मांडल्या गेल्या. त्यात पवारी आहे. देशात सव्वातीन लाख लोकांनी ती आपली म्हणून सांगितली. आता ती हिंदीच्या गटात मोजली जाते हे खरे. पण नाव तर छापून आले! गोंडी सांगणारे सुमारे ३० लाख निघाले, कोरकू सांगणारे सव्वासात लाख. ज्यांनी सांगितले त्यांचे नाव राहिले. आमच्या म्हातारीचे नाव आमच्या पेनामुळे राहिले नाही.

आकड्याने काय होते?

कुणी म्हणेल, रकान्यात काहीही लिहिले तरी घरात बोलायचे ते बोलणारच. मग एवढी काळजी कशाला? काळजी एवढ्यासाठी, की सरकार घरातले बोलणे ऐकत नाही, आकडा वाचते.

राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने कोणत्याही नागरिकाला आपले गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येते. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ३५०-क हा अनुच्छेद आला. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे त्यात सांगितले आहे. ३५०-ख नुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त नेमला जातो. त्याआधी, १९४९ साली, प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरले होते की शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुले त्या भाषेची असली, तर निदान एक शिक्षक त्या भाषेचा द्यावा. १९५६ च्या केंद्रीय निवेदनात आणखी एक गोष्ट आहे : एखाद्या जिल्ह्यात, नगरपालिकेत किंवा तहसिलीत भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात.

या प्रत्येक ठिकाणी आकडा आहे. ४०, १०, १५, २०. आकडा नसेल तर अनुच्छेद कपाटात राहतो.

बाहेरच्या देशांतही हेच आहे. फिनलंडमध्ये स्वीडिश बोलणारे थोडे आहेत. तिथे नियम असा की एखाद्या गावात अल्पसंख्य भाषेचे ३,००० लोक किंवा ८ टक्के लोक असले की ते गाव द्वैभाषिक ठरते. मग पाट्या दोन भाषांत, कारभार दोन भाषांत. दर दहा वर्षांनी हे तपासले जाते. कुणी मोर्चा काढावा लागत नाही. मोजणी झाली की काम होते.

आपल्याकडे या वेळी एक मोठी गोष्ट घडते आहे, तिकडे वाचकांनी लक्ष द्यावे. २०११ साली आम्ही छिंदवाडा जिल्ह्यात होतो. तो जिल्हा मोठा. अमरवाडा, तामिया, परासियाकडची सगळी वस्ती धरून मराठीची टक्केवारी निघायची आणि अर्थातच ती लहान दिसायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. या जिल्ह्याची पहिली जनगणना २०२७ ची. १९५६ साली ज्या पट्ट्याचा हिशेब स्वतंत्र झाला नाही, त्याचा हिशेब पहिल्यांदा स्वतंत्र होणार आहे. तोही १६ वर्षांच्या अंतराने. या खेपेस रकाना चुकला, तर पुढच्या मोजणीपर्यंत पोरे शाळा सोडून गेलेली असतील.

समितीत झालेला वाद

या विषयावर आमच्या समितीच्या बैठकीत मोठा वाद झाला. तो लपवण्यासारखा नाही. काही उत्साही मंडळींचे म्हणणे पडले की संख्या वाढवायचीच, तर गोंड आणि पवार बांधवांनाही मराठीच लिहायला सांगावे. ते मराठी बोलतातच ना! बाजारात, शेतात, भजनात त्यांची मराठीच चालते. मग हरकत काय?

क्षणभर आम्हालाही मोह झाला. पण ती म्हातारी आठवली. आमच्या घरातली मराठी कुणी न विचारता हिंदीत घातली तर आम्ही अन्याय म्हणतो; मग त्यांची पवारी आम्ही मराठीत घातली तर त्याला काय म्हणावे? दुसऱ्याचा शब्द खोडून आपला आकडा वाढवणारी समिती आपल्या शब्दासाठी कोणत्या तोंडाने मागणी करणार? शिवाय व्यवहाराचे बोलायचे तर खोटा आकडा टिकत नाही. शाळेत गोंड पोर बसले की त्याला मराठी पुस्तकही परकेच वाटते, आणि आपली मागणी तिथेच पोकळ पडते.

बराच वेळ चर्चा झाल्यावर सर्वांनी मान्य केले की प्रत्येकाने आपापलीच भाषा सांगावी आणि समितीने घरोघर जाऊन तेवढेच समजावून द्यावे. ज्यांनी आधी विरोध केला होता, त्यांतलेच काही आज गोंड वस्तीत जाऊन सांगत आहेत की बाबांनो, गोंडी म्हणा. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबाने विचारले, "मराठीवाले तुमी, अन् आमाले गोंडी लिवाले सांगता? याच्यात तुमचा फायदा काय?"

फायदा हाच की सावरगाव जसे आहे तसे कागदावर येईल. गोंडी, पवारी, उर्दू, हिंदी आणि मराठी मिळून हे गाव झाले आहे. त्या गावाचे अंगण मराठीचे आहे ही गोष्ट खरी आहे, म्हणून ती सिद्ध करायला दुसऱ्या कुणाची खोली रिकामी करण्याची गरज नाही.

वाचकांना विनंती

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आम्ही पेढे वाटले. पण दर्जा दिल्लीत मिळतो आणि भाषा ओसरीवर टिकते. ओसरीवर येणाऱ्या प्रगणकाशी आपण काय बोलणार, याचा विचार प्रत्येक घराने आजच करून ठेवावा.

यंदा प्रगणकाच्या हातात कागदाऐवजी मोबाईल राहणार आहे आणि घरच्या घरी आपली माहिती आपणच भरण्याचीही सोय राहणार आहे. त्यात एक धोका आहे. घरातला शिकलेला मुलगा भराभर बोटे फिरवेल आणि सर्वांची भाषा एकच टाकून मोकळा होईल, जसे आम्ही २०११ साली झालो. म्हणून माहिती भरताना घरातल्या वडीलधाऱ्या बायांना जवळ बसवा. मातृभाषा म्हणजे आईची भाषा. तेव्हा आधी आईला विचारा. मग जे उत्तर येईल ते भरा आणि भरलेले एकदा वाचून दाखवायला सांगा. मराठी असेल तर मराठी. आपली नागपुरी-वऱ्हाडी बोली ही पुस्तकातली मराठी नव्हे म्हणून लाजू नका, तीही मराठीच. पवारी असेल तर पवारी, गोंडी असेल तर गोंडी, हिंदी असेल तर हिंदी. आणखी कोणत्या भाषा येतात हा प्रश्न आला तर त्याही सांगा, संकोच नको.

आमच्यासारखे जे शिक्षक या वेळी प्रगणक म्हणून फिरतील, त्यांना वेगळे सांगणे आहे. घाई असते, ऊन असते, घरे पुष्कळ असतात, हे आम्ही जाणतो. तरी त्या एका प्रश्नाला थोडे थांबा. कुणी म्हणाले, "तुमाले बरं वाटंल ते लिवा," तर लिहू नका. पुन्हा विचारा.

ती पवारांची म्हातारी आता नाही. तिची सून आहे, नातसून आहे. या खेपेस आमच्याकडे काम असो वा नसो, त्या घरी आम्ही आधी जाऊन येणार आहोत. तिच्या सासूच्या नावापुढे आम्ही काय लिहिले होते ते तिला सांगणार आहोत, आणि तिचे ती काय सांगते ते ऐकून येणार आहोत.